अनाथ कुणाला म्हणायचं?



नवऱ्याच्या नोकरीमुळे मी दोन वर्षं काठमांडूत होते. एम.एस.डब्ल्यू. झालेली, पण हाताला काम नाही. म्हणून शनिवारी, तिथल्या सुटीच्या दिवशी, एका बालगृहात जाऊ लागले. मुलं धावत येऊन बिलगायची. मी सुखावायचे. पण दोन आठवड्यांसाठी आलेल्या परदेशी स्वयंसेवकांनाही ती तशीच बिलगायची. ते गेले की पुढच्यांना. वारंवार माणसं तुटलेली मुलं अशी वागतात, हे शिकलेल्या मला उशिरा उमगलं.

दशैंच्या सणात आठ वर्षांची एक मुलगी म्हणाली, ‘आमा गावाला आहे.’ कागदोपत्री ती अनाथ! आई विधवा. शाळेच्या आशेनं तिनं मुलीला दलालासोबत पाठवलं होतं. मी व्यवस्थापकांकडे आईचा पत्ता मागितला. ‘पुढच्या शनिवारपासून येऊ नका,’ असं उत्तर मिळालं. त्या मुलीच्या लेखी मीही सोडून गेलेल्यांतलीच एक.

नेपाळमधली बरीचशी बालगृहं काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच आहेत. पाहुणे येतात, देणग्या येतात, म्हणून मुलं आणली जातात. असल्या स्वयंसेवेतून मुलांची तस्करी होऊ शकते, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१९च्या ठरावात मान्य केलं.

आपणही वाढदिवसाला अनाथालयात जेवण देतो. यापुढे जाण्याआधी एवढं विचारूया : या मुलांच्या आया कुठे आहेत? आणि त्या एकट्या बाईला रोजगार मिळाला, तर मूल तिच्याजवळच राहील ना?