रक्ताचा रंग आणि कात्रीची हद्द

मराठी रंगभूमीची सेन्सॉरशी सर्वांत गाजलेली गाठ पडली ती एका वधावरूनच. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगमंचावर आले. गोष्ट महाभारतातली, सगळ्यांना पाठ असलेली. भीम कीचकाला मारतो हे कळायला तिकीट काढायची गरज नव्हती. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यातली भारतभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या प्रेक्षकालाही उमगत होते. १९१० मध्ये सरकारने प्रयोगांवर बंदी घातली. त्यासाठीचे हत्यार १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने आधीच हाती दिले होते. पौराणिक नाटकांत राक्षस रोज मरत होते आणि त्याबद्दल कुणा कलेक्टरची झोप उडाली नव्हती. इथे मारणारा कोण आणि मरणारा कोण, हे खुपले. माध्यमांतील हिंसा आणि तिचे नियमन यांचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कायद्याच्या तोंडी हिंसा, अश्लीलता, सार्वजनिक सुव्यवस्था असे शब्द असतात. कात्री पुष्कळदा दुसऱ्याच कशासाठी चालते.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, सवय राहिली. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी तपासून घेण्याची पद्धत चालूच राहिली. आज हे काम रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ करते. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये याच तपासणीत अडकले आणि दिग्दर्शक कमलाकर सारंगांना मुंबई उच्च न्यायालयात जाऊन प्रयोगाचा हक्क मिळवावा लागला. या नाटकाच्या शेवटी सखाराम चंपाचा जीव घेतो. एका बाईचा डोळ्यांदेखत खून होतो, आणि तरीही वाद पेटला तो शिवराळ भाषेवर आणि लग्नावाचून एकत्र राहण्यावर. खुनाला हरकत घेणारे त्या गदारोळात शोधूनच काढावे लागतील.

चित्रपटाचे नियमन १९१८ च्या कायद्याने सुरू झाले, म्हणजे दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर अवघ्या पाच वर्षांनी. १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे तपासणी मंडळे बसली, आणि त्यांच्यावर पोलीस आयुक्तांचा वरचष्मा होता. आजचा कायदा १९५२ चा. त्याची घटनात्मक परीक्षा झाली ती ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘चार शहर एक कहानी’ या छोट्या माहितीपटावरून. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्वतपासणी वैध ठरवली. पडद्यावरचे हलते, बोलते चित्र छापील अक्षरापेक्षा मनावर अधिक खोल परिणाम करते, म्हणून त्याला वेगळी वागणूक देता येते, असा तो युक्तिवाद होता. त्याच निकालात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी कलावंताला मोकळीक ठेवणारे निकष हवेत असेही बजावले होते, पण चित्रपट प्रमाणन मंडळाच्या रोजच्या कामात निकालाचा पहिला अर्धा भागच जास्त उपयोगी पडला. १९८३ पासून यू, यूए, ए आणि विशिष्ट व्यावसायिकांसाठी एस अशी वर्गवारी आली. २०२३ च्या दुरुस्तीने यूएचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन थर केले. वय पाहून वर्ग ठरवावा आणि कापाकापी कमी करावी ही दिशा योग्यच आहे. कापाकापी मात्र थांबलेली नाही.

मंडळ हिंसा मोजते कशी, हे कटांच्या याद्यांवरून कळते. अमुक दृश्यातील रक्त ५० टक्के कमी करा, गळा चिरण्याचा शॉट काढा, लाथांची संख्या घटवा, अशा त्या सूचना असतात. हिशेब असतो तो सेकंदांचा आणि लाल रंगाचा. मारल्यानंतर मेलेल्याच्या घरी काय होते, हा प्रश्न त्या यादीत बसत नाही. त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते. शंभर गुंड हवेत उडवणारा, कुणालाही न दुखणारा, पाठीमागे ढोल वाजणारा मारधाडपट सहकुटुंब पाहायला मोकळा राहतो. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या (२०१६) शेवटाशी त्याची तुलना करावी. तिथे आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याचा खून दाखवलेलाच नाही. शेजारणीकडून परत आलेले त्यांचे मूल घरात जाते, रडत बाहेर येते आणि फरशीवर त्याच्या रक्ताळलेल्या पावलांचे ठसे उमटतात. आवाज पूर्ण बंद असतो. टक्केवारीने मोजले तर ही हिंसा नगण्य. पण जातीच्या नावाने होणाऱ्या खुनांबद्दल महाराष्ट्रात त्या वर्षी जेवढे बोलले गेले, त्यातला मोठा वाटा या काही सेकंदांचा होता. हिंसेचे चित्रण आणि हिंसेचा गौरव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ‘बँडिट क्वीन’ या चित्रपटावरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले होते: किळस आणि संताप यावा म्हणून दाखवलेला अत्याचार चाळवणारा ठरत नाही.

गौरवाचे काय, याचे उत्तर नियमनाकडे नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका भाषणात ‘सिंघम’सारख्या चित्रपटांतून जाणाऱ्या संदेशाबद्दल काळजी व्यक्त केली. न्यायालये म्हणजे अडथळा आणि पोलिसाने परस्पर केलेला निवाडा म्हणजे न्याय, असे प्रेक्षकाच्या मनात बसते, हा त्यांचा मुद्दा. असे चित्रपट सुरळीत प्रमाणित होतात. याउलट उत्तर भारतातील पोलीस ठाण्यातली मारहाण आणि जातिद्वेष दाखवणारा, २०२४ मध्ये कानला पोचलेला संध्या सूरी यांचा ‘संतोष’ भारतातल्या चित्रपटगृहांपर्यंत येऊ शकला नाही, कारण मागितलेले कट दिग्दर्शिकेला अशक्य वाटले. वर्दीतली हिंसा टाळ्या घेत असेल तर चालते, प्रश्न विचारत असेल तर अडते. कीचकाचा न्याय अजून बदललेला नाही.

हिंसा पाहून माणूस हिंसक होतो का, हा प्रश्न या साऱ्याच्या मुळाशी आहे, आणि त्यावरचे संशोधन दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीने वापरतात. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड इथे अल्बर्ट बँडुरा यांनी ७२ मुलांवर केलेला प्रयोग सर्वांत प्रसिद्ध आहे. फुगवलेल्या बोबो बाहुलीला मोठा माणूस बडवतो हे पाहिलेल्या मुलांनी नंतर तिला तसेच बडवले. मुले अनुकरण करतात हे त्यातून दिसले. पण बडवण्यासाठीच बनवलेली बाहुली बडवणे आणि शेजारच्या मुलाचे डोके फोडणे यांत अंतर आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये आपली भूमिका नेमकी केली. हिंसक व्हिडिओ गेम आणि ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वागण्यात लहानसा पण सातत्याने दिसणारा संबंध आहे. प्रत्यक्ष हिंसक गुन्ह्यांचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे हजार ब्रिटिश किशोरांचा अभ्यास केला आणि त्यांना तेवढाही संबंध आढळला नाही. माध्यम-अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांचे निरीक्षण या वादात मागे पडते, ते पडू नये. खूप टीव्ही पाहणारा माणूस हिंसक होण्यापेक्षा घाबरट होतो, जग आहे त्याहून धोक्याचे आहे असे मानू लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. घाबरलेला जमाव काय करतो, ते पुढे येईलच.

गेमच्या बाबतीत रक्ताच्या रंगाचा खेळ अगदी उघड झाला. १९९३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ घरगुती यंत्रांवर आला तेव्हा निन्टेन्डोच्या आवृत्तीत रक्ताच्या जागी करडा घाम उडत होता. सेगाच्या आवृत्तीत एक गुप्त संकेत दाबला की रक्त दिसे. अर्थातच सेगाची आवृत्ती अधिक खपली. अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि सरकारचा बडगा येण्याआधीच, १९९४ मध्ये, उद्योगाने स्वतःचे वयोगट मंडळ उभे केले. पुढे २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांना हिंसक गेम विकण्यावरची कॅलिफोर्नियाची बंदी रद्द केली. ग्रिम बंधूंच्या परीकथांतही रक्तपात काही कमी नाही, याकडे न्यायमूर्ती स्कालिया यांनी लक्ष वेधले. ब्रिटनची कथा तर गमतीची. भयपटांच्या व्हिडिओ कॅसेटींविरुद्ध रान उठून १९८४ मध्ये कडक कायदा झाला, खटले चालले, शिक्षा झाल्या. आणि २००९ मध्ये कळले की युरोपीय आयोगाला रीतसर कळवायचे राहून गेल्याने तो कायदा मुळात अमलातच आणता येत नव्हता. पंचवीस वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

भारतात गेमसाठी चित्रपटासारखे प्रमाणन मंडळच नाही. ॲप स्टोअरवर जो वयाचा आकडा दिसतो तो बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीतून आपोआप निघतो. २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी ‘पबजी’ हा गोळीबाराचा मोबाइल गेम खेळण्यावर बंदी घालून काही तरुणांना अटकही केली. घरोघरच्या पालकांना त्यात फारसे वावगे वाटले नाही. पण २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने ‘पबजी’ बंद केला तेव्हा कारण हिंसेचे नव्हते, व्यसनाचेही नव्हते. चीनशी सीमेवर तणाव होता आणि चीनशी संबंधित ११८ ॲपच्या यादीत त्याचा नंबर लागला. पुढच्या वर्षी तोच खेळ नव्या नावाने परतला. या वेळी गोळी लागली की हिरवा रंग उडे. अठरा वर्षांखालच्यांना रोज तीन तासांची मर्यादा घातली, ही त्यातली खरी उपयोगाची सुधारणा. ती मुलाने वय खरे सांगितले तरच लागू पडते. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याची भर पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. आठवीतल्या मुलाने काय खेळावे हा प्रश्न घरातच राहिला.

इंटरनेटवर मात्र चित्रपटगृहाचे सगळे गणित मोडते. तिथे दार नाही, दरवान नाही, ‘ए’ प्रमाणपत्राची पाटी नाही, आणि कोणती गोष्ट कुणी बनवली हेही नक्की नसते. २०१८ च्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या क्लिपांपैकी एक मूळची कराचीची होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यातून मूल उचलतात, मग परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवण्याचा संदेश देणारा फलक धरतात, अशी ती जनजागृतीची फिल्म. कुणीतरी शेवट कापला. उरले फक्त अपहरण. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. तशा अफवा त्या भागात फोनवरून फिरत होत्या. मारहाणीचेही चित्रीकरण झाले आणि तेही फिरले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. मजकूर तपासणारी कुठलीही यंत्रणा जे करू शकली नसती ते या साध्या अडसराने काही प्रमाणात केले. कराचीच्या क्लिपमध्ये रक्ताचा थेंब नव्हता; कुठल्याही मंडळाने तिला ‘यू’ दिले असते. नियमनाने पाहायला हवे ते चित्र कसे फिरते याकडे. आपला सारा अनुभव मात्र चित्रात काय आहे हे पाहण्याचा आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. मणिपूरमध्ये ४ मे २०२३ रोजी दोन स्त्रियांची विवस्त्र धिंड निघाली. राज्यात इंटरनेट बंद होते. ती चित्रफीत १९ जुलैला बाहेर आली आणि दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सरकारने समाजमाध्यमांना ती काढून टाकायला सांगितले, आणि पीडितांच्या प्रतिष्ठेसाठी ते आवश्यकही होते. पण ती फिरलीच नसती तर अडीच महिने दडलेली गोष्ट आणखी किती काळ दडली असती? हिंसेचे प्रत्येक चित्र हे विष आहे असे धरून चालणाऱ्या नियमनाला पुरावा आणि तमाशा यांतला फरक करता येत नाही. लेखक, पत्रकार आणि पटकथाकारांना तरी तो करावाच लागतो.

इंटरनेटवरचे अधिकार आज मुख्यतः माहिती तंत्रज्ञान कायद्यातून येतात. त्याचे ६६ अ हे कलम पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून झालेल्या अटकेनंतर देशभर गाजले आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. ६९ अ मात्र टिकले. त्याखालच्या २००९ च्या नियमांनुसार मजकूर बंद करण्याचे आदेश गोपनीय राहतात. सेन्सॉरने कट सांगितला तर निर्मात्याच्या हाती निदान कागद असतो. इथे एके सकाळी दुवा उघडत नाही, एवढेच कळते. ओटीटीसाठी २०२१ च्या नियमांनी वयोगट आणि तक्रारीचे तीन टप्पे आणले. कागदावर ही व्यवस्था पूर्वतपासणीपेक्षा बरी आहे. व्यवहारात पोलीस तक्रारीची भीती तिच्या आधी पोचते: रीतसर प्रमाणपत्र घेऊन चित्रपटगृहांत लागलेला ‘अन्नपूर्णी’ हा तमिळ चित्रपट जानेवारी २०२४ मध्ये तक्रारींनंतर नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. निदर्शनांच्या धमकीपुढे राज्याने हात टेकू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने रंगराजन खटल्यात १९८९ मध्ये सांगून ठेवले आहे. खासगी कंपनीने हात टेकले तर तो निकाल तिला लागू पडत नाही.

चित्रपटांसाठी एक मधली पायरी होती, तीही गेली. १९८३ पासून काम करणारे अपील न्यायाधिकरण ‘बँडिट क्वीन’च्या आणि २०१७ मध्ये ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’च्या मदतीला आले होते. एप्रिल २०२१ मध्ये ते बरखास्त झाले. आता मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर थेट उच्च न्यायालय. ‘उडता पंजाब’च्या निर्मात्यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लढून तेरा कटांचा एक कट करून घेतला होता, पण त्यांच्यापाशी बळ होते. ठरलेली प्रदर्शनाची तारीख, डोक्यावरचे कर्ज आणि वकिलाची फी यांचा हिशेब मांडला की लहान मराठी निर्मात्याला कट मान्य करणेच स्वस्त पडते, आणि अशा कटांची नोंद कुठल्याही निकालपत्रात होत नाही.