गिअर आपोआप बदलणाऱ्या जुन्या मोटारीचें निदान

नागपूरहून अमरावतीस जाणारा हमरस्ता कोंढाळी ओलांडून वर्धा जिल्ह्यांत शिरला, कीं जवळजवळ निम्म्या वाटेवर कारंजा हें गांव लागतें. हें घाडग्यांचें कारंजा. वाशीम जिल्ह्यांतील लाडांच्या कारंज्याशीं त्याची गल्लत करूं नये. संत्र्यांच्या बागांचा हा मुलूख. पुढें तळेगांवच्या बाजूस सत्याग्रही घाट आहे. समजा, वैशाखांतील दुपार आहे. गाडींत पांच माणसें, टपावर सामान, आणि मोटार वीस वर्षांची, गिअर आपोआप बदलणारी. चढावर इंजिनाचा आवाज एकाएकीं वाढतो, वेग मात्र वाढत नाहीं. या यंत्राचें दुखणें बहुधा अशाच ठिकाणीं प्रथम उघडकीस येतें.

गाडी थांबून इंजिन बंद पडलें, कीं चार भले लोक धक्का द्यावयास धांवून येतात. साध्या गाडीला तो उपचार लागू पडतो. या गाडीला पडत नाहीं. हिच्या गिअरपेटींतील पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, तर तेलाला दाब नाहीं. दाब नाहीं, तर आंतील क्लच पकडत नाहींत. मग चाकें कितीही ढकललीं तरी इंजिन फिरत नाहीं. दोर बांधून ओढून नेणें त्याहून वाईट. चाकांबरोबर आंतील भाग फिरतात, पण त्यांना तेल पोंचत नाहीं, आणि थोडें बिघडलेलें यंत्र वाटेंतच पुरतें बिघडतें. गाडी ट्रकवर चढवावी; निदान इंजिनानें फिरणारीं चाकें उचलून न्यावी.

एवढें सांभाळलें तरी खरा धोका पुढेंच असतो. ‘गिअरबॉक्स गेला, नवा बसवा,’ हा निकाल पुष्कळदां नीट तपासणी न करतांच दिला जातो, आणि जुन्या गाडीच्या बाबतींत तो खर्च कधीं कधीं गाडीच्या किंमतीलाच जाऊन भिडतो. नाडी पाहण्यापूर्वीं कोणी पोट चिरीत नाहीं. येथेंही बाहेरचें व स्वस्त तें आधीं, आंतलें व महाग तें मागाहून, हाच क्रम हवा.

यंत्र कांहीं अगदीं नवें नव्हे. १९३९ सालीं जनरल मोटर्सनें १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांसाठीं ‘हायड्रामॅटिक’ जाहीर केलें. त्यांतील ग्रहमालेसारखीं फिरणारीं दंतचक्रें, त्यांना धरणारीं व सोडणारीं साधनें आणि या सर्वांना हुकूम पोंचविणारें तेल, ही रचना पुढील गाड्यांतही राहिली. (२०१४ सालीं मारुति सेलेरिओबरोबर आपल्याकडे रूढ झालेला प्रकार निराळा, तेथें साध्याच गिअरपेटीवर यांत्रिक हात बसविलेला असतो. त्याचीं दुखणींही वेगळीं.) इंजिनाची शक्ति वाहणें, क्लच दाबणें, झीज रोखणें, उष्णता बाहेर नेणें, हीं चारही कामें तेलाकडे आहेत. म्हणून आरंभ तेलापासून.

गाडी सपाट जागीं उभी करून, तेल तापलेलें असतांना, मोजपट्टी पाहावी. बहुतेक गाड्यांत इंजिन चालूं ठेवून पाहतात. होंडाच्या अनेक गाड्यांत तें बंद करून लगेच पाहतात. गाडीबरोबर आलेलें पुस्तक सांगेल तें खरें. पट्टीच नसेल, तर तें काम जाणत्या मिस्त्रीचें. तेल कमी असल्यास पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो आणि चढावर क्लच घसरतात. वरील गाडीचीं लक्षणें नेमकीं हींच. जास्त भरलें, तरी फिरणारे भाग तें घुसळून फेसच काढतात. नवें तेल बहुधा लाल असतें. तपकिरी झालें तर त्याचें वय झालें. काळें पडून जळका वास आला तर क्लचचें अस्तर जळलें. दुधाळ गुलाबी दिसलें तर त्यांत पाणी शिरलें, आणि तें बहुधा रेडिएटरमधून. तेल कमी होणें म्हणजे गळती. नुसती भर घालून समाधान मानूं नये. दुकानांत मिळेल तें ‘गिअर ऑइल’ ओतणें हा तर यंत्रावर जुलूमच. ‘तेल बदललें आणि गाडी बसली,’ अशी तक्रार ऐकूं येते. पुष्कळदां गाडी बसत आली होती, म्हणूनच तेल बदललेलें असतें.

संगणक नसलेल्या अनेक जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरकडून गिअरपेटीकडे एक तार जाते. ती सैल झाली, कीं गिअर फार लवकर व मऊपणें बदलतात. प्रवाशांना तें सुखाचें वाटतें, पण अपुऱ्या दाबानें क्लच झिजत राहतात. ती फार ताणली, तर गिअर उशिरां व दणका देऊन बदलतो. कांहीं गाड्यांत हेंच काम इंजिनाच्या निर्वातावर चालणारी एक डबी करते. तिची रबरी नळी फाटली तरी दणके बसतात. आंतला पडदा फाटला, तर गिअरचें तेल इंजिनांत ओढलें जाऊन पांढरा धूर निघतो. नळी एवढीशी, पण ती न पाहिल्यामुळें सबंध पेटी खालीं उतरते.

संगणक असलेली गाडी बिघाड जाणवतांच, यंत्र वाचविण्यासाठीं, बहुधा दुसरा किंवा तिसरा असा एकच गिअर धरून बसते. येथें बॅटरी, तारांचे जोड व वेग मोजणारा सेन्सर आधीं पाहावा आणि संगणकानें नोंदलेले दोषांक वाचून घ्यावे.

कित्येकदां दोष गिअरपेटीचा नसतोच. इंजिनाचा रबरी आधार तुटला, कीं रिव्हर्स टाकतांना धाडकन आवाज होतो. ६० ते ८० किलोमीटरच्या संथ वेगांत गाडी थरथरूं लागली, तर मोकळ्या रस्त्यावर ब्रेकला अगदीं हलका स्पर्श करून पाहावा. थरथर तत्काळ थांबली तर संशय टॉर्क कन्व्हर्टरमधील क्लचवर. चालूच राहिली, तर प्लग व इंधन तपासावें.

यानंतर दाबमापक लावून तेलाचा दाब पाहावा, आणि मग खालचें तबक उतरवावें. त्यांतील लोहचुंबकावर राखाडी, मऊ लेप सांपडणें स्वाभाविक आहे. धातूचे कपटे किंवा अस्तराच्या काळ्या खपल्या निघाल्या, तर मात्र पेटी उघडणें भाग आहे.

कारंज्यास अडकलेल्या गाडीला पहिलें औषध सावलीचें. रेडिएटरची जाळी धुळीनें बुजली आहे का, खालीं तेलाचे थेंब पडतात का, तें पाहावें. पट्टी पाहून नेमक्या जातीच्याच तेलाची भर घालावी. गळती मोठी नसेल, तेल जळकें नसेल आणि गिअर पुन्हां नीट पकडत असेल, तर माणसें व सामान एस. टी. नें पुढें पाठवावें, आणि घाट न चढतां गाडी हळूहळू नागपुराकडे परत न्यावी. वास जळका असेल, तर ट्रक बोलवावा.