संशोधनाचा मदतनीस

वाणिज्य शाखेच्या वरच्या परीक्षेसाठीं प्रबंध लिहिणारा विद्यार्थी राहतो पुण्यास किंवा छत्रपति संभाजीनगरास. त्याचा विषय मात्र पुष्कळदां घाटनांदुरासारख्या गांवीं असतो. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यांतील हें गांव विकाराबाद-परळी लोहमार्गावर आहे. तेथल्या शेतकऱ्याला सोयाबीन विकून अखेर किती पैसे मिळतात, असा प्रश्न विद्यार्थ्यानें घेतला, तर तो अडत्याच्या गादीपाशीं बसून कोणी तरी विचारला पाहिजे. विद्यार्थ्याला तितकी सवड नसते. मग गांवांतलाच एखादा शिकलेला तरुण मोबदला देऊन मदतीस घेतात, आणि त्याला 'रिसर्च असिस्टंट' असें भारदस्त नांव मिळतें. घरांतील माणसांना वाटतें, कागद भरण्याचें काम तें काय! पण प्रबंधांतील प्रत्येक आंकडा प्रथम याच तरुणाच्या लेखणींतून उतरलेला असतो.

एकच उदाहरण पाहावें. शेतकऱ्याला "भाव काय मिळाला?" असें विचारलें, तर तो बोली झालेला भाव सांगतो. त्यानें १० क्विंटल माल आणला, आणि ओल व कचरा म्हणून क्विंटलमागें २ किलो वजा झाले, तर पट्टीवर ९ क्विंटल ८० किलोच चढतात. भाव तोच राहतो, २० किलो मात्र जातात. त्यांतून हमाली, तोलाई वगैरे जें कांहीं कापलें जाईल तें निराळें. म्हणून जाणता मदतनीस दुसरा प्रश्न विचारतो: "हातांत काय आलें?" आणि शक्य तर पट्टीच दाखवा म्हणतो. शेतकरी ती खिशांतून, टोपींतून, कधीं खताच्या रिकाम्या पोत्यांतून काढून देतो. छापील प्रश्नपत्रकांत पहिलाच प्रश्न असेल, तर दुसरा सुचविणें हेंहि मदतनिसाचें काम आहे. कारण प्रश्नपत्रक लिहिणारा त्या ओट्यावर कधीं बसलेला नसतो.

जुन्या व्यापाराचा विषय असला, म्हणजे अडचण अधिक. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. तेथील दप्तरांत सन फसली, चलन हाली शिक्क्याचें, आणि व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्या बहुधा मोडींत. १३५० फसली हें साल ख्रिस्ती गणनेप्रमाणें १९४० च्या ऑक्टोबरांत सुरू होतें. सात हाली रुपयांचे सहा कलदार होत. तेव्हां वहींतील ७० रुपये हाली असतील तर त्यांचे ६० कलदार धरावे लागतात. ही खूण न करतां कोणी ते ७० तसेच उतरवून घेतले आणि सोलापूरच्या बाजाराशीं तुलना केली, तर घाटनांदूरकडील माल फुकट महाग ठरतो. नकलेंत एकहि अंक चुकलेला नसतो, आणि तरी सारा तक्ता खोटा! वहींतलें मूळ एका रकान्यांत जसेंच्या तसें घ्यावें, रूपांतर शेजारच्या रकान्यांत करावें, एवढाच याला उपाय. तो कंटाळवाणा आहे खरा.

अशा मदतीचा इतिहास महाराष्ट्रांत चांगला जुना आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पिंपळें सौदागर या गांवाची पाहणी १९१७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. १७७१ सालीं तेथें सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली, हा त्यांतला आंकडा पुढें अर्थशास्त्राच्या कित्येक पाठ्यपुस्तकांत गेला. इंग्रज अधिकाऱ्याला मराठी घरांतील कर्ज आणि धान्याची कणगी यांचा ठाव सहकाऱ्यांवांचून लागणें दुर्घटच. पण मॅनसाहेबांनीं सहस्रबुद्धे, कानिटकर आणि ताम्हणे हीं नांवें पुस्तकावर आपल्या नांवासह घातलीं. जातेगांव बुद्रुक या दुसऱ्या गांवाचा ग्रंथ १९२१ सालीं निघाला, त्यावर तर मॅन आणि कानिटकर अशीं दोघांचीं नांवें ग्रंथकार म्हणून आहेत. आजचे कित्येक प्रबंध मदतनिसाचें ऋण 'ज्यांनीं ज्यांनीं साहाय्य केलें' एवढ्यावर भागवितात, त्यांच्याशीं हें ताडून पाहण्याजोगें आहे.

१९३० सालीं पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. धनंजयराव गाडगीळांच्या हाताखालीं तेथें अशा पाहणीला शिस्त आली. पुण्यांतील फळांच्या विक्रीची त्यांची पाहणी १९३३ सालची. बाजारपेठ हा पुस्तकांतून नव्हे, तर दुकानांतून शिकण्याचा विषय आहे, हें वाणिज्याच्या विद्यार्थ्याला अशा ग्रंथांतून आजहि कळेल.

गोष्ट बिघडते ती बहुधा पैशापाशीं. दर प्रश्नपत्रकामागें ठराविक रक्कम दिली, कीं पत्रकें लवकर भरतात. कांहीं तर घरीं बसून, दिव्याखालीं भरतात. उन्हांत तीन फेऱ्या मारूनहि अडत्या भेटला नाहीं, तर मदतनिसाला त्या दिवसाचें कांहींच मिळत नाहीं. मग पोटासाठीं मोह होणें अशक्य नाहीं. त्याला कामाच्या दिवसावर मोबदला द्यावा, जाण्यायेण्याचें भाडें निराळें द्यावें, आणि कोऱ्या राहिलेल्या रकान्याबद्दल रागवूं नये. दुसरा मोह विद्यार्थ्याचा. आंकडे आणलेस, आतां त्यांचा अर्थहि तूंच लिही, असें तो हळूच म्हणतो. येथें मात्र मदतनिसानें स्पष्ट नकार द्यावा. आणणें, उतरविणें, पडताळणें आणि शंका कळविणें हें त्याचें काम. निष्कर्ष ज्याच्या नांवाचा, लेखणीहि त्याचीच. पदवी एकानें घ्यावी आणि तिच्यासाठीं विचार दुसऱ्यानें करावा, या व्यवहाराला मदत हा शब्द लागू पडत नाहीं. उलट विद्यार्थ्यानें दोन दिवस तरी घाटनांदुरास उतरून मदतनिसाबरोबर दुकानें फिरावीं. पट्टींतील वजाबाकी त्याला तक्त्यापेक्षां तेथें लवकर समजेल.

चांगल्या मदतनिसाच्या टिपणवहींत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. त्यांत अशा नोंदी आढळतात: 'भाव तोंडी सांगितला, पट्टी पाहिली नाहीं.' 'मुलगा बोलला, बाप शेतांत होता.' 'दुकान बंद. मंगळवारीं परत जाणें.'