दुःखाला शब्द हवेत

(गोराई येथे शिक्षक व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बोरिवलीहून खाडी ओलांडून इकडे येत असताना लाँचमध्ये माझ्या शेजारी दोन शाळकरी मुले बसली होती. त्यांतील एक चाचणी परीक्षेविषयी बोलत होता, दुसरा घरातल्या भांडणाविषयी. दोघांचेही सांगणे एकाच शब्दावर येऊन थांबत होते : 'टेन्शन'. याच मुलांना तुम्ही पाण्याविषयी विचारा. उधाणाची भरती वेगळी आणि भांगाची भरती वेगळी, हे ते तुम्हां-आम्हांस समजावून देतील, कारण ज्या गोष्टीवर घर चालते तिच्या बारीकसारीक छटांना कोळ्याच्या घरात शब्द असतो. मनातल्या उधाणाला मात्र त्यांच्यापाशी एकच शब्द आहे, तोही उसना.

आपण मला शब्दसंपत्तीच्या अध्यापनावर बोलावयास सांगितले आहे. कुमारवयीन मुलामुलींच्या आत्महत्येसारख्या विषयावरील कादंबरी वर्गात घेऊन त्याद्वारे शब्द शिकविता येतील काय, असा एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न होता. ऐकताक्षणी मी दचकलो, हे कबूल करतो. पुढे विचार करता वाटले की प्रश्न योग्यच आहे. मात्र उत्तर सावधपणे दिले पाहिजे.

प्रथम परिस्थिती पाहू. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात 13,044 विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांपैकी 1,764 आपल्या राज्यातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. तेव्हा हा विषय वर्गाच्या दाराबाहेर ठेवू म्हटले तरी तो बाहेर राहात नाही.

जे अॅशर या अमेरिकन लेखकाची 'थर्टीन रीझन्स व्हाय' ही इंग्रजी कादंबरी 2007 साली प्रसिद्ध झाली. हॅना नावाची शाळकरी मुलगी मरणापूर्वी ध्वनिफितींवर तेरा कारणे सांगून जाते आणि तिचा वर्गमित्र क्ले त्या फिती एका रात्रीत ऐकतो, असे तिचे कथानक आहे. भाषा सोपी, वाक्ये लहान. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना ती धरून ठेवते. परंतु तिच्यात दोन दोष आहेत व ते शिक्षकाने आधी ओळखले पाहिजेत. एक, मरणानंतरही मुलगी बोलत राहते, हिशेब चुकते करते. वास्तवात मरणानंतर कोणी काही ऐकवू शकत नाही. दुसरे, कारणांची यादी केली की झाले, असा समज ती करून देते. या कादंबरीवरील चित्रमालिका 2017 साली प्रदर्शित झाल्यावर अमेरिकेत 10 ते 17 वयोगटातील आत्महत्यांत वाढ आढळली, असा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ती वाढ मालिकेमुळेच झाली, असे त्यातून सिद्ध होत नाही. पण त्याच वर्षी निर्मात्यांनी मालिकेतील मृत्यूचे दृश्य काढून टाकले.

ही चिंता नवी नाही. गटेची 'वेर्थर' ही कादंबरी 1774 साली निघाली, तेव्हा तिच्या अनुकरणाच्या भीतीने लाइपझिग शहरात तिच्यावर बंदी आली होती. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी 1974 मध्ये अशा अनुकरणाला 'वेर्थर परिणाम' हे नाव दिले. मात्र याची दुसरी बाजू 2010 साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी दाखविली. संकटातून माणूस कसा सावरला, हे सांगणाऱ्या मजकुराने संरक्षण मिळते, असे त्यांना दिसून आले. त्यास त्यांनी मोत्सार्टच्या संगीतिकेतील पापागेनोचे नाव दिले. त्या संगीतिकेत निराश पापागेनोला तीन मुलेच वेळेवर अडवितात आणि त्याला विसर पडलेल्या एका उपायाची आठवण करून देतात. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

आता शब्दांकडे वळू. आपल्या मराठीत 'जीव' या एका शब्दाभोवती केवढा संसार आहे पाहा! जीव टांगणीला लागतो, मेटाकुटीला येतो, तुटतो, घाबरा होतो, नकोसा होतो. तोच रमतो, भांड्यात पडतो, आणि आपण कोणावर तरी जीव लावतो. 'जिवावर येणे' म्हणजे कंटाळा, आणि 'जिवावर बेतणे' म्हणजे प्राणसंकट. परीक्षेच्या आदल्या रात्री जीव टांगणीला लागणे ही अवस्था सर्वांचीच. जीव नकोसा होणे ही निराळी आणि तातडीची. ज्या मुलाला हा भेद शब्दांत करता येतो त्याला तो मोठ्या माणसाला सांगताही येतो. दोन्हींना 'टेन्शन' म्हटले की ऐकणारा पहिलाच अर्थ घेतो व 'होईल सगळे ठीक' म्हणून उठून जातो.

तसेच हिरमुसणे, खिन्न होणे, विषण्ण होणे आणि हताश होणे. हिरमुसलेले मूल संध्याकाळपर्यंत खेळायला लागते. हताश झालेले लागत नाही. एकांत आपण मागून घेतो, एकटेपणा वाट्याला येतो, आणि एकाकीपणा तर भरल्या घरातही असू शकतो. हे शब्द कोशातून पाठ करवून घेण्यात अर्थ नाही. गोष्टीतील पात्र समोर ठेवावे आणि विचारावे : या क्षणी याला काय वाटत असेल? तुमच्या घरच्या बोलीत त्याला काय म्हणतात? ईस्ट इंडियन घरातील मूल आजीचा शब्द घेऊन येईल, तो फळ्यावर प्रमाण शब्दाच्या शेजारी, त्याच आकारात लिहावा.

याकरिता मरणाचीच कादंबरी हवी, असे नाही. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (2004) नववीतल्या मुलाचे मन उलगडते. मराठी माध्यमाच्या वर्गासाठी मी तिलाच प्रथम पसंती देईन. इंग्रजी कादंबरी घ्यावयाचीच झाल्यास वरच्या वर्गात, शिक्षकाने स्वतः आधी पूर्ण वाचून, पालकांना कल्पना देऊन घ्यावी. मृत्यूच्या वर्णनाशी मुळीच रेंगाळू नये. आणि शेवट मात्र चुकवू नये. तेथे क्ले हा शाळेत एकटी पडलेल्या दुसऱ्या एका मुलीच्या मागे जातो आणि तिला नावाने हाक मारतो. एवढेच. सबंध पुस्तकात शिकविण्याजोगे माझ्या मते ते स्थळ आहे.

शब्दांची जबाबदारी मुलांपेक्षा आपली अधिक आहे, आणि येथे मी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात असताना मी एका वृत्तटिपणात 'नापास झाल्याने विद्यार्थ्याची आत्महत्या' असे लिहिले. वाक्य आटोपशीर होते. पुढे त्या मुलाचे वर्गशिक्षक भेटले. ते म्हणाले, "साहेब, तो दिवाळीपासूनच बोलेनासा झाला होता. निकाल जूनमध्ये लागला." माझ्या वाक्याने सात-आठ महिने पुसून टाकले होते, शिवाय नापास झालेल्या इतर मुलांना मी नकळत काय सुचविले असेल, हा विचार अजूनही मला सोडत नाही.

शासनानेही शब्दांचा विचार केला आहे. दहावीच्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून 2015 पासून जुलैमध्ये फेरपरीक्षा घेण्यात येऊ लागली आणि 2016 मध्ये गुणपत्रिकेवरील 'अनुत्तीर्ण' हा शेरा वगळण्याचा निर्णय झाला. कायद्याची भाषा तर याहून मोठी वाट चालून आली. मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्येच आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारे कलम घटनाबाह्य ठरविले होते, जरी सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ते कलम वैध मानले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 हा 29 मे 2018 पासून अंमलात आला. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिची काळजी व उपचार यांची व्यवस्था शासनाने करावी, असे तो सांगतो. 'आरोपी' या शब्दाच्या जागी 'रुग्ण' हा शब्द आला. पोलीस पाटील आणि पंचायत सदस्य यांच्यापर्यंत हा बदल पोहोचला आहे काय, हे प्रत्येकाने आपल्या गावी पाहावे.

सभेपूर्वी एका गुरुजींनी मला बाजूला घेऊन विचारले, "आणि एखाद्याने निबंधात खरोखरच 'जीव नकोसा झाला' असे लिहिले तर?" तर त्या वाक्याखाली लाल शाईची रेघ ओढू नये. त्याच दिवशी त्याला जवळ बसवावे आणि मरणाचे विचार येतात काय, असे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खरी नाही. उत्तर येईपर्यंत गप्प राहावे, उपदेश करू नये. उत्तर होकारार्थी असल्यास त्याला एकटे सोडू नये, 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये, पालकांना बोलवावे व डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416. ती विनामूल्य आहे, अहोरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, आणि शिपायाला तो पुसू नको म्हणून सांगावे.