त, द आणि ओठांचा चंबू

सुकापूरहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आजचा विषय ऐकून हसू येईल तुम्हाला. फ्रेंच भाषेचे उच्चार!

झालं असं, की गटातल्या एका ताईंच्या मुलीने अकरावीला फ्रेंच घेतलं. मार्क चांगले पडतात म्हणून हल्ली खूप मुलं घेतात. लिहायला तिला जमलं, पण तोंडी परीक्षेचं नाव काढलं की पोटात गोळा. वर्गात दोनदा मुलं हसली, तेव्हापासून पोरगी तोंडच उघडेना. आमच्यातल्या आगरी घरच्या बायकांना हे दुखणं लगेच कळलं. 'पानी', 'डोला' म्हटलं म्हणून आम्हालाही कधीतरी कुणी हसलेलंच आहे.

मग मीटिंगनंतर तिला बसवून घेतलं. म्हटलं, तू बोल, आम्ही ऐकतो. मोबाइलवर फ्रेंच बाई बोलायची, मागून ही, आणि हिच्या मागून आम्ही. तेव्हा लक्षात आलं, की ती फ्रेंच शब्द इंग्रजीसारखे वाचतेय. इंग्रजी अक्षर 'टी' दिसलं की ट, 'डी' दिसलं की ड. फ्रेंचमध्ये तिथे आपला त आणि द असतो, जीभ दातांना लावून. टेबलाला ते 'ताब्ल' म्हणतात, टॅक्सीला 'ताक्सी'. हे तर आपल्याला जन्मापासून येतं!

दुसरी गोष्ट फुंकरीची. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीला प, क म्हणताना हवा सोडतो. ओठांपुढे कागदाची पट्टी धरा. त्याने म्हटलं तर पट्टी हलेल. आपण 'पान' म्हटलं तर जवळजवळ हलत नाही, 'खण' म्हटलं तर हलते. आपल्याकडे क आणि ख वेगळे, म्हणून आपल्याला हवा आवरता येते. फ्रेंचलाही बिनहवेचाच प, क लागतो. शब्दाच्या शेवटची अक्षरं मात्र ते बरेचदा खातात. पॅरिसला 'पारी' म्हणतात.

आता अवघड भाग. त्यांच्याकडे एक स्वर आहे, तो मराठीत नाही. जीभ 'ई' म्हणायला ठेवायची आणि ओठांचा 'ऊ'सारखा चंबू करायचा, शीळ घालताना करतो तसा. जीभ हलू द्यायची नाही. आम्ही करून पाहिलं तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. पण तो आला नाही तर घोटाळा होतो. 'दसू' साध्या ऊने म्हटलं तर खाली, आणि या चंबूच्या स्वराने म्हटलं तर वर! डबा फळीवर ठेव सांगायचं आणि तो फळीखाली जायचा. या एका स्वरावर आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या.

नाकातले स्वरही तसेच. आपण 'बोंजूर' म्हणताना मधे न् म्हणतो, जीभ वर टेकते. त्यांची टेकत नाही. हिंदी सिनेमातलं 'हाँ' आठवा, तसा आवाज नाकातून सोडून द्यायचा. 'बो' म्हणजे सुंदर, आणि तेच नाकातून म्हटलं की चांगला.

राहिला र. तो घशातून येतो, गुळण्या करताना खरखर होते तसा. मुलीने सगळा जीव त्या र वरच लावला होता. आमच्या मते तो शेवटी शिकावा. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत पूर्वी जिभेच्या टोकाचा र सर्रास बोलत, आजही तसा बोललेला त्यांना समजतो. स्वर चुकला तर मात्र शब्दच बदलतो.

कोकणातून एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर मराठी माणसं गेली. त्यांची पणतवंडं आज तिथे क्रिओल आणि फ्रेंच बोलतात. म्हणजे आपल्या जिभेला जमत नाही असं कुणी सांगू नये.

मुलीची तोंडी परीक्षा अजून व्हायचीय. रोज जेवणं झाली की ती गच्चीवर मोठ्याने म्हणते, दसू, दसू. खालून तिची आजी विचारते, "अगं, वर का खाली?" आणि ती उत्तर देते. काल पहिल्यांदा आजीला न विचारता कळलं.