वाहतें लिखाण आणि थोडी स्मरणशक्ति

नदीकांठीं बसलेल्याला वाहून गेलेलें पाणी पुन्हां पाहतां येत नाहीं. गणकयंत्रांपुढेंहि अशींच लिखाणें वाहत येतात. तीं संपूर्ण सांठवून ठेवण्याइतकी जागा यंत्रापाशीं नेहमींच असते असें नाहीं. तरीहि लिखाण नियमांत बसतें कीं नाहीं, हें एकाच वाचनांत ठरवावें लागतें.

हें लिखाण कसें असतें? १९९८ सालीं वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें एक्सएमएल नांवाची पद्धति प्रसिद्ध केली. तींत मजकुरापूर्वीं एक खूण उघडते व मजकुरानंतर तीच मिटते. एका खुणेच्या पोटांत दुसरी, दुसरीच्या पोटांत तिसरी. गणितांतील कंसांप्रमाणें, जी शेवटीं उघडली ती आधीं मिटली पाहिजे. कोणत्या खुणेंत काय यावें, याचें नियमपत्रक निराळें असतें.

तपासणीची साधी रीत अशी, कीं उघडलेल्या खुणा एकावर एक रचीत जावें आणि मिटतांना वरची उचलून ताडून पहावी. लिखाण जितकें खोल, तितकी ही रास उंच. खोली लांबीबरोबर वाढूं लागली, कीं स्मरणहि त्याच मानानें लागतें.

यावर एक युक्ति सुचते. प्रत्येक खुणेला तिच्या जातीप्रमाणें व खोलीप्रमाणें एक अंक द्यावा; उघडतांना तो मिळवावा, मिटतांना वजा करावा आणि अखेर शून्य येतें का तें पहावें. पण ही युक्ति फसते. गोल कंस उघडून चौकोनी मिटला आणि लगेच चौकोनी उघडून गोल मिटला, तरी बेरीज शून्यच येते व चूक झांकली जाते. २०१० सालीं मॅग्निएझ, माथ्यू आणि नायक या तिघा संशोधकांनीं कंसांपुरती हा दोष सावरणारी रीत दाखविली. ती यदृच्छेचा आधार घेते, म्हणून चुकीची अल्प शक्यता राहते. स्मरण मात्र सुमारें लांबीच्या वर्गमुळाच्या मानानेंच लागतें. शंभर कोटींचें वर्गमूळ सुमारें ३१,६२३ आहे.

याहून काटकसर हवी, तर प्रश्नच थोडा सैल करावा लागतो. लिखाण निर्दोष आहे, कीं त्याचा शेंकडा कांहीं ठराविक भाग बदलल्यावांचून तें नियमांत बसणारच नाहीं, एवढाच भेद ओळखावयाचा. थोड्या चुकांच्या लिखाणाविषयीं कोणतेंहि उत्तर चालेल. २०१६ सालीं फ्रांस्वा, मॅग्निएझ, द रूजमाँ आणि सेर यांनीं दाखविलें, कीं अशा नियमांच्या एका विस्तृत वर्गासाठीं लागणारें स्मरण लांबीच्या लघुगणकाच्या एखाद्या घाताच्या मानानें वाढतें. लांबी दुप्पट झाली तरी दोन पायाचा लघुगणक एकानेंच वाढतो. दहा लाखांचा सुमारें २०, तर शंभर कोटींचा सुमारें ३०. शिवाय या रीतीनें निर्दोष लिखाण कधींहि नाकारलें जात नाहीं. चूक होते ती सदोष लिखाण स्वीकारण्याचीच.

हाच मुद्दा जोखमीचा. पोत्यांतील मूठभर धान्य पाहून माल किडका आहे कीं नाहीं हें कळतें, पण एकहि खडा नाहीं असें म्हणतां येत नाहीं. बँकांच्या देवघेवीचे संदेशहि एक्सएमएलमध्यें लिहिले जातात. तेथें एकच चूक पैशाला वाट चुकवील. सुदैवानें असे संदेश उथळ असल्यामुळें त्यांची काटेकोर तपासणीहि स्वस्तच पडते. सैल तपासणी शोभते ती पहिली चाळणी म्हणून. ती कोठें पुरे व कोठें अपुरी, हें यंत्रानें नव्हे, तर चुकीचें नुकसान ज्याला सोसावें लागणार त्यानें ठरवावयाचें आहे.