साडेतीन इंच पाणी



सकाळपासून तिघांनी विचारलं, "अमेरिकेत तू नेमकं करतोस काय?" मिनियापोलिसमध्ये मी घरोघरच्या फर्नेस दुरुस्त करतो. फर्नेस म्हणजे तळघरातलं कपाटाएवढं यंत्र. नैसर्गिक वायू जाळून ते घरभर गरम हवा पाठवतं. बाहेर उणे 25 अंश असताना ते बंद पडलं, तर पाणी गोठून नळ फुटतात.

हल्लीच्या भारी फर्नेस 'मॉड्युलेटिंग' असतात. नुसतं चालू-बंद नाही. थंडी जेवढी तेवढी ज्योत, साधारण 40 टक्क्यांपासून 100 पर्यंत. हे सगळं गॅसच्या दाबावर चालतं आणि तो दाब मोजतात पाण्याच्या इंचांत. सर, तुमच्या प्रयोगशाळेतली रंगीत पाण्याची यू-नळी! माझं पोट तिच्यावर चालतं. पूर्ण ज्योतीला दोन्ही बाजूंच्या पाण्यात फरक साधारण साडेतीन इंच, म्हणजे नऊ सेंटीमीटर. तुमच्या घरच्या सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून याच्या तिपटीहून जास्त दाब येतो.

आता गणित. 40 टक्के ज्योतीला दाब किती? साडेतीनचे 40 टक्के म्हणाल तर बाई कान धरतील. गॅसचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून दाब लागतो फक्त 16 टक्के, जेमतेम अर्धा इंच. तिथे पाव इंच इकडे-तिकडे झालं तरी ज्योत बिघडते.

दाब बदलायचा म्हणजे व्हॉल्व्हवरचं झाकण काढून आतला स्क्रू फिरवायचा. उजवीकडे फिरवला की वाढतो. काही कंपन्या त्याला हातच लावू देत नाहीत, म्हणून आधी पुस्तिका वाचायची. स्क्रू फिरवणं सोपं आहे, हीच खरी भीती.

एका घरी तान्हं बाळ होतं आणि खोल्या गार. आधी येऊन गेलेल्या कारागिराने "गॅस कमी पडतोय" म्हणून स्क्रू पिळला होता. मी घरातली गॅसवरची बाकी उपकरणं बंद केली, फर्नेस पूर्ण ज्योतीवर ठेवली आणि घड्याळ लावून मीटरपाशी उभा राहिलो. त्या फर्नेसला एक घनफूट गॅस जळायला 37 सेकंद लागायला हवेत. 33 सेकंदांतच काटा फिरून आला. यू-नळीत साडेचार इंच. गॅस जास्त, तरी घर गार कसं? फिल्टर धुळीने गच्च भरलेला होता, हवाच पुढे जात नव्हती. आतला पत्रा तापायचा, सुरक्षेचा स्विच ज्योत विझवायचा, थोड्या वेळाने पुन्हा पेटायची, पुन्हा विझायची. असा तापून तापून पत्रा तडकतो. त्यात गॅस अर्धवट जळला, तर कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि वर बाळ झोपलेलं.

नवा फिल्टर घातला, दाब साडेतीनवर आणला. कमी ज्योतीचा दाब पाहिला, धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजला, जोडांना साबणाचं पाणी लावून गळती तपासली. मीटर 37 वर आला.

बाईंनी बिल पाहून विचारलं, "एवढे पैसे फिल्टरचे?" म्हटलं, "नाही, फिल्टरचे वेगळे."

जेवणाची पानं मांडलेली दिसतायत. बाकीचं पंगतीत सांगतो.